मधल्या मापाचा टॅब आणि चंपाक्का

चंपाक्का ज्याच्याशी बोलायच्या त्याच्याकडे कधी बघायच्या नाहीत. पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या तेव्हा काउंटरसमोर उभ्या राहिल्या, मान डावीकडे वळवली आणि भिंतीवरच्या पंख्याला विचारलं, "ओ पावणं, अक्षर मोठं करणारा कंचा हाय ह्यातला?" दुपारची वेळ, वर उकाडा, आणि त्यात हा तोरा. शाहूपुरीत मोबाईलचं दुकान चालवणाऱ्या बाईला गिऱ्हाइकांच्या तोऱ्याची सवय असते, पण पंख्याशी बोलणारं गिऱ्हाईक मलाही नवीन होतं. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "आजी, दुकानदार इकडं हाय." त्यांनी मान तशीच ठेवली. "ठावं हाय की. समोरनं बघितलं तर तुझ्या तोंडाच्या जागी नुसता डाग दिसतोय मला. मान वळीवली की कडंनं दिसतीस. नाकात चमकी हाय तुझ्या."

त्यांच्या डोळ्यांचा पडदा मधोमध खराब झाला होता. कडेचं सगळं दिसायचं. नेमकं जे बघायचं ते तेवढं दिसायचं नाही. डॉक्टरांनी चष्म्याचा उपयोग नाही म्हणून सांगितलं होतं. गल्लीत मात्र बऱ्याच जणांचा समज असा, की म्हातारीला वयपरत्वे गर्व झालाय, सरळ तोंडाकडे बघून बोलत नाही. चंपाक्कांनी तो समज खोडून काढायचे कष्ट कधी घेतले नाहीत. "म्हणंनात का. आंधळी म्हणण्यापरीस गर्विष्ठ बरं," असं त्या म्हणायच्या.

त्या दिवशी सोबत त्यांची सून होती, सुनीता. तिच्या हातातल्या पिशवीतून चंपाक्कांनी आधी पोथी ठेवायची लाकडी घडीची घोडी काढली, मग पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पोथी, आणि दोन्ही माझ्या काचेच्या काउंटरवर मांडली. टॅब घ्यायला येणारी माणसं कॅमेरा विचारतात, गेम चालतो का विचारतात. ह्यांनी एकेक टॅब त्या घोडीवर ठेवून बघितला. मोठा टॅब ठेवला तर घोडी मागं कलंडली. "ही परात हाय. धरायला दोघी लागतील." फोन ठेवला तर फटीतून खाली घसरला. "ही तर तपकिरीची डबी." मग मी मधल्या मापाचा दिला. तो घोडीवर नीट बसला. पण तेवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. त्यांनी तो एका हातात घेतला, हात लांब केला आणि डोळे मिटून पुटपुटत जप सुरू केला. जप संपेपर्यंत हात थरथरला नाही. आधी मोठा टॅब धरला होता तेव्हा जप अर्ध्यावर सोडावा लागला होता. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं हा प्रकार बघत उभी.

मला हा मधला माल खरं तर कधीच आवडला नाही. घरातल्या मधल्या मुलासारखी त्याची गत. फोन म्हणावा तर खिशात मावत नाही, संगणक म्हणावा तर त्यावर धड टायपिंग होत नाही. मी गिऱ्हाइकाला फसवत नाही, म्हणून चंपाक्कांनाही सगळे दोष सांगितले. कॅमेरा असून नसल्यासारखा. दोन कामं एकदम सांगितली की रुसतो. चार्ज व्हायला अर्धा दिवस खातो. उन्हात नेला तर पडदा काळा दिसतो, आपलंच तोंड दिसतं त्यात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मला काय लगीन लावायचंय व्हय त्येचं? अक्षर दावतोय न्हवं?" मी अक्षर मोठं करून दाखवलं. दोन बोटं पडद्यावर ठेवून फाकवली. चंपाक्कांनी मान वळवली, पडदा डोळ्यांच्या कडेला आणला आणि दिसलेला शब्द मोठ्यानं वाचला. मग सुनीताला म्हणाल्या, "घे ह्यो."

त्यावर मी एक कव्हर फुकट देऊ केलं. त्यांनी हात मागे घेतला. "कातडं?" मी म्हटलं, "रेक्झिन हाय, आक्का." "दिसायला कातडंच की. शास्त्र ठेवायचंय त्यात." पुढच्या वेळी आल्या तेव्हा टॅब पांढऱ्या नव्या मलमलीच्या वेष्टनात होता, पोथी बांधतात तसा, नाडीनं बांधलेला.

त्यांच्या मुलाचा टॅबला विरोध होता. आईवरच्या मायेनंच होता. ग्रंथ आता ऐकायलाही मिळतात, आईनं डोळ्यांना त्रास कशाला द्यायचा, असं त्याचं म्हणणं. मलाही ते पटायचं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. तेव्हा चंपाक्का पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. आमच्याकडच्या जुन्या बायका ‘मी जाते’ म्हणत नाहीत, ‘मी जातो’ म्हणतात. रागावल्यावर ते फारच खणखणीत लागतं. "जल्मभर मला ऐक म्हणाली माणसं. कुरुंदवाडात बा म्हणला, पोरींनी ऐकायचं. लगीन होऊन हितं आलो तर सासरा म्हणला, बायकांनी ऐकायचं. भावाच्या पुस्तकात बघून चोरून अक्षरं शिकलो मी. ती काय पुन्यांदा ऐकायला बसायला शिकलो? कान धड हाईत म्हणून डोळं सोडून देऊ व्हय?" सुनीता खाली मान घालून उभी होती. तिच्याकडे न बघता, म्हणजे तिच्याकडेच बघत, त्या पुढं म्हणाल्या, "आनि ही बघ. कालेजात गेल्याली हाय. पर चार माणसांत तोंड उघड म्हटलं तर दातखिळी बसती हिची."

मग शिकवणी सुरू झाली. दिवसाआड दुपारी त्या दुकानात यायच्या. अक्षर मोठं करण्याला त्यांनी ‘चिमटा उघडणं’ म्हटलं, लहान करण्याला ‘चिमटा मिटणं’. अडचण वेगळीच निघाली. म्हाताऱ्या माणसाची बोटं कोरडी पडतात आणि कोरडं बोट पडद्याला कळत नाही. दुसरी कुणी असती तर जिभेला बोट लावून मोकळी झाली असती. शास्त्राला उष्टं बोट चालत नाही. त्यामुळे चंपाक्का ओल्या फडक्याची घडी शेजारी ठेवायच्या, बोट टेकवायच्या, पुसायच्या आणि मग पान सारायच्या. जाड टोकाचं पेन मी नंतर दिलं, पण त्यांना ते आवडलं नाही. काठीनं ढोसल्यागत वाटतं म्हणाल्या.

पोथीचे फोटो मी माझ्या फोननं काढले, टॅबच्या कॅमेऱ्याचा भरवसा नव्हता म्हणून. त्यासाठी मला आंघोळ करून, चामड्याची पर्स घरी ठेवून बस्तीत जावं लागलं. जैन मंदिराला आमच्याकडे बस्ती म्हणतात. मी फोन धरत होते, सुनीता पानं उलटत होती. मधेच मी न राहवून विचारलं, "आक्का, सगळे म्हणतात तुम्हाला हे पाठ हाय. मग बघायचा एवढा हट्ट कशाला?" त्या म्हणाल्या, "तुझ्या लेकीचं तोंड पाठ हाय न्हवं तुला? मग साळंतनं आल्यावर बघतीस कशाला?" मी पुढच्या पानाचा फोटो काढला.

टॅब नेऊन आठवडा झाला नसेल तोच तक्रार आली. मधेच बंद पडतो. मी तपासला, काही दोष नव्हता. सुनीतानं दबक्या आवाजात खरं सांगितलं: दिवस मावळायच्या आत चार्जर काढून ठेवायचा असा आत्तींचा, म्हणजे सासूबाईंचा, हुकूम आहे. मला वाटलं, आग लागेल म्हणून भीत असतील. तसं नव्हतं. चंपाक्का म्हणाल्या, "दिवेलागणीनंतर आमच्या घरात कोण खात न्हाय."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मी त्यांना समजावलं की ते यंत्र आहे, त्याला पोट नाही, पाप नाही. घरातला दिवासुद्धा रात्रभर वीज खातो, फ्रीज खातो. "दिवा घरचा हाय, फ्रीज लेकाचा हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो माझ्या मांडीला मांडी लावून शास्त्राला बसतोय. माझ्या पंगतीला बसायचं तर माझा नेम पाळाय पायजे. दिवसा खाऊ दे की लागंल तेवढं." सुनीतानं माझ्याकडे बघून खांदे उडवले. मी तो वाद तिथेच सोडला, कारण चंपाक्कांशी वाद जिंकलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

खरा वाद बस्तीत पेटला. बायकांच्या शास्त्रवाचनाची जागा कितीतरी वर्षं चंपाक्कांकडे होती. त्या वाचायच्या, अर्थ सांगायच्या, बाकीच्या ऐकायच्या. डोळे गेल्यापासून वाचन अडखळू लागलं होतं. बस्तीच्या कमिटीचे प्रमुख धनपाल आप्पा, हळदीचे व्यापारी, माणूस शांत आणि देवभोळा. त्यांनी टॅब घोडीवर बघितला आणि त्यांना धक्काच बसला. शास्त्राच्या जागी यंत्र? ज्यात सिनेमे असतात, नको नको ते असतं? चंपाक्कांनी खांबाकडे बघत विचारलं, "आप्पा, तुमच्या सदऱ्याच्या खिशात काय हाय? त्यो घिऊन तुम्ही देवाम्होरं हुबं ऱ्हाताय. त्येच्यात काय निसती स्तोत्रंच हाईत व्हय?" बायका पदराआड हसल्या. आप्पांनी खिशावर हात ठेवला आणि विषय बदलला.

पण आप्पांनी दुसरा मार्ग काढला. एका विद्वान पंडितांच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण आणि एक मोठा स्पीकर त्यांनी बस्तीसाठी आणला. उच्चार शुद्ध, आवाज गोड, अडखळणं नाही. "आक्का, लई केलंसा. आता निवांत बसा, ऐका," असं ते अगदी मनापासून म्हणाले. त्या ‘ऐका’नं काय झालं असेल ते मी सांगायला नको. शेवटी बोलण्यात ठरलं असं: भादव्यातल्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वाच्या पहिल्या दिवशी चंपाक्कांनी वाचायचं. न अडता पार पडलं तर जागा त्यांचीच. मधे अडलं तर दुसऱ्या दिवसापासून स्पीकर. अट आप्पांनी घातली नव्हती, चंपाक्कांनीच घातली. "अडलो तर उतरतो," त्या म्हणाल्या, "पर वाचूनच दावणार."

पर्वाच्या आदल्या दुपारी पाऊस झाला आणि वीज गेली. ती आली ती दिवस मावळल्यावर. सुनीता चार्जर हातात घेऊन सासूसमोर उभी राहिली. एवढ्या एका रातीला, म्हणाली. चंपाक्का म्हणाल्या, "एवढ्या एका रातीला मी जेवू काय?" सकाळी उजाडल्यावर चार्जर लावला, पण याचं पोट भरायला अर्धा दिवस लागतो हे मी आधीच सांगून ठेवलेलं. आणि पडद्याचा उजेड पूर्ण मोठा ठेवला की हा बॅटरी पितो. वाचताना वायर लावून ठेवायलाही त्यांची ना होती, शास्त्राला बसल्यावर खाणं नाही म्हणून.

त्या दिवशी मी बस्तीत होते. चंपाक्कांनीच बोलावलं होतं. सभामंडप भरला होता, पुरुषही मागं येऊन बसले होते. त्या चौरंगावर बसल्या, मान वळवली, ओल्या फडक्याला बोट लावलं आणि वाचायला लागल्या. सावकाश, पण एकही अक्षर न चुकवता. पडद्यावर एका वेळी चार-पाच शब्द मावायचे. ते वाचायच्या, सारायच्या, पुढचे वाचायच्या. अर्ध्याहून जास्त झालं. आता जमलं असं मला वाटलं, आणि पडदा काळा झाला.

मी धावत जाऊन चार्जर लावला. पण हा टॅब एकदा पुरता झोपला की वायर लावल्या लावल्या उठत नाही, निदान दहा-पंधरा मिनिटं मेल्यासारखा पडून राहतो. लोक कुजबुजू लागले. तेव्हा धनपाल आप्पा स्वतः पुढं आले. त्यांना जिंकायचं नव्हतं, हे मी त्यांच्या तोंडावर बघितलं. ते खाली वाकून हळूच म्हणाले, "आक्का, पाठ हाय की तुम्हाला. म्हणा पुढं. तोवर होईल चालू. कुणाला काय कळतंय?"

खरंच कुणाला कळलं नसतं. त्या तशाही कधी पडद्याकडे सरळ बघत नव्हत्या. मान वळवून, बोट सारत, अख्खा अध्याय म्हणून गेल्या असत्या आणि जागा राखली असती. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा आक्का, म्हणा.

चंपाक्कांनी काळ्या टॅबवर वेष्टन घातलं. "आप्पा, ह्या बाया बसल्यात ते मी वाचतोय म्हणून. दिसत न्हाय ते दिसतंय म्हणून कसं सांगू? पाठ म्हणायचं असतं तर घरात डोळं मिटून म्हटलं असतं. अडलो. उतरतो." आणि उतरल्या. सुनीता हात धरायला गेली तर तो झटकला, आणि खांबाचा अंदाज घेत एकट्या पायरीपर्यंत गेल्या. मी रडले, आणि मला त्यांचा रागही आला. असल्या खरेपणाची काय गरज होती, असं मी दुकानात दिवसभर बडबडत होते.

दुसऱ्या दिवशी आत स्पीकर लागला. चंपाक्का बस्तीत आल्या, पण आत गेल्या नाहीत. बाहेरच्या ओसरीत चटई टाकली, घोडी मांडली, टॅब ठेवला. भादव्यातलं ऊन थेट तोंडावर, त्यात काही दिसेना. मग त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढून टॅबवर घेतला, त्या अंधारात मान घातली आणि वाचायला लागल्या. बाहेरून नुसता पदराचा तंबू दिसायचा आणि आतून आवाज यायचा. आप्पा बाहेर आले. "आक्का, हे काय?" तंबूतून उत्तर आलं, "आतलं तुमचं. भाईरचं ऊन माझं." दोन बायका उठून त्यांच्या बाजूला सरकल्या. एकीनं सावलीसाठी छत्री धरली. हळूहळू आठ-दहा जणी झाल्या. बाकीच्या आतच बसल्या, आणि त्यात काही चुकीचं नव्हतं. स्पीकरचा आवाज खरंच गोड होता. पर्व संपलं तरी ओसरीवरचं वाचन संपलं नाही. आत आणि बाहेर, दोन्ही चालू राहिलं.

पुढच्या दोन वर्षांत डोळे आणखी गेले. आधी पडद्यावर चार शब्द मावायचे, मग दोन, मग एकच शब्द. शेवटी शेवटी चिमटा पुरता उघडून एकेक अक्षर. तळहाताएवढं अक्षर, ते डोळ्याच्या कडेला धरायचं, ओळखायचं, पुढं सारायचं. एक ओळ व्हायला दुपार जायची. ओसरीवरच्या बायका तांदूळ निवडायला घेऊन यायच्या, वाती वळायच्या, पण उठायच्या नाहीत. मला ते बघवेना. एकदा दुकानात मी त्यांना न विचारताच टॅबची वाचून दाखवायची सोय चालू केली. यंत्राचा आवाज सपाट सुरात वाचू लागला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "बराय की. चुकत न्हाय," म्हणाल्या. मला आशा वाटली. मग म्हणाल्या, "आता बंद कर. मला अजून एक अक्षर दिसतंय."

गेल्या माघात चंपाक्का गेल्या. आदल्या दिवशीही ओसरीवर बसल्या होत्या असं सुनीता सांगते.

बस्तीत शोकसभा झाली. धनपाल आप्पा बोलायला उठले. असं माणूस होणं नाही, म्हणाले. आणि मग त्यांनी कमिटीचा विचार सांगितला: जुना स्पीकर आता खरखरतो, तर नवा, चांगला मोठा स्पीकर बसवायचा आणि त्यावर पितळी पाटी लावायची, ‘स्वर्गीय चंपाक्का यांच्या स्मरणार्थ’. सगळ्यांनी माना हलवल्या. चंपाक्कांच्या मुलानंही हात जोडले. मी परकी, मागं बसलेली. बोलायचा माझा अधिकार नव्हता.

सुनीता उठली. "आप्पा, स्पीकर पायजे तर बसवा," ती म्हणाली. "पर आत्तींचं नाव त्येच्यावर घालायचं न्हाय." नवऱ्यानं तिचा पदर ओढला, ती बसली नाही. आप्पा गोंधळले. "अगं, मग त्यांच्या आठवणीला काय तरी करायला नको?" सुनीता म्हणाली, "मी वाचतो."

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवून गेले. सुनीता ओसरीवर घोडी मांडून बसली होती. तिचे डोळे चांगले आहेत, तिला टॅब लागत नाही. तिनं पोथीच घेतली होती. आवाज इतका बारीक की पुढच्या दोघींनाच ऐकू जात असेल. तिसऱ्या ओळीला एका जोडाक्षरापाशी ती अडली. थांबली. चंपाक्कांच्या तोंडून ऐकून ऐकून ती ओळ समोरच्या सगळ्या बायकांना पाठ होती. चार जणींनी एकदम पुढचा शब्द सांगितला. सुनीतानं मान वर केली नाही. पोथीवर बोट तसंच ठेवून तिनं दुसरा हात वर केला.

"सांगू नगासा," ती म्हणाली, आणि ह्या वेळी आवाज आत आप्पांपर्यंत गेला. "मला बघू द्या."